कुरेमात्सु सरांचा निरोप

आपण निवृत्त होणार आहोत, हे कुरेमात्सु सरांना न्हाव्याकडून कळलं.

"फेब्रुवारीत तुमचं शेवटचं व्याख्यान आहे म्हणे," कानामागची कात्री न थांबवता न्हावी म्हणाला. "स्टेशनातल्या फळ्यावर लागलंय. मानव्यविद्या शाखेचे आगामी कार्यक्रम, सर्वांना प्रवेश मोफत. म्हटलं, सुटले बुवा सर एकदाचे!"

सरांनी आरशात पाहिलं. चौसष्ट तर झालेच होते, आणि पासष्ट भरले की त्या मार्चअखेर विद्यापीठ निरोप देतं. डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही राहिलं नव्हतं, तरी न्हावी प्रामाणिकपणे पूर्ण पैसे घेत होता. येत्या मार्चअखेर आपण जायचं की त्याच्या पुढच्या, याचा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता. असल्या गोष्टी ऑफिस पाहतं. ऑफिसने छापलं म्हणजे तसंच असणार. मिझुहामा विद्यापीठात इतकी वर्षं काढल्यावर माणूस छापील गोष्टींशी वाद घालत नाही.

सरांचा विषय म्हणजे मध्ययुगीन मठांतल्या जेवणाच्या तक्रारी. पेज पातळ आहे, मुळा नासका आहे, स्वयंपाकी मेला बरा, असं भिक्खू एकमेकांना काय काय लिहीत, यावर त्यांनी तीन पुस्तकं लिहिली होती. ती कोणी वाचत नसे. शाखेत त्यांना कोणी फारसं विचारतही नसे. डीन उबुकाता तर छत्र्यांच्या स्टँडजवळून जावं तसे त्यांच्या जवळून जात.

पण व्याख्यान जाहीर झालं आणि चमत्कार घडला. उबुकाता जिन्यात थांबून कमरेत वाकू लागले. तरुण प्राध्यापक चहा आणून देऊ लागले. पुढच्या वर्षीच्या तासांची वाटणी झाली, तिच्यात सरांचं नाव नव्हतं. बैठकीत त्यांना कोणी मतही विचारेना. सर मजेत एका कोपऱ्यात बसून वाळवलेली स्क्विड मासळी चघळू लागले. जिवंतपणी आपली उत्तरक्रिया पाहायला मिळणं ही काही वाईट गोष्ट नाही, असं त्यांनी किनुयोला, म्हणजे आपल्या बायकोला सांगितलं.

किनुयोने व्याख्यानाचा खर्डा वाचला आणि चष्मा काढला.

"अहो, हे सगळं बोलणार तुम्ही? चारचौघांत?"

"मग कधी बोलू? जायचंच आहे ना आता."

"आणि त्सुकुदा भावजींबद्दल हे असं?"

"खरं आहे ते."

"खरं आहे म्हणून तर विचारतेय."

त्सुकुदा आणि कुरेमात्सु एकाच वर्षी नोकरीला लागले होते. त्सुकुदांनी 'रिक्तता' या विषयावर सहाशे पानांचा ग्रंथ लिहिला होता, आणि मित्र म्हणून कुरेमात्सुंनी त्यावर भरभरून परीक्षण लिहिलं होतं. ग्रंथाला पारितोषिक मिळालं, त्सुकुदांना बढती मिळाली. त्यानंतर दोघांमध्ये जे बोलणं होई ते बहुतेक हवामानाबद्दल.

व्याख्यानाच्या दिवशी बर्फ पडत होतं. तरी सभागृह भरलं. एरवी शाखेच्या व्याख्यानांना पंधराएक डोकी येत, त्यातली निम्मी हीटरसाठी. आज जुने विद्यार्थी लांबून लांबून आले होते, न्हावी दुकान बंद करून आला होता, आणि पुढच्या रांगेत डीन, उपडीन आणि त्सुकुदा पांढरी फुलं छातीला टाचून बसले होते.

सरांनी पेजेपासून सुरुवात केली. एका मठात पेज दिवसेंदिवस पातळ होत गेली. पण महंतांसमोर प्रत्येक भिक्खू "अहाहा" करून प्यायचा, आणि मग खोलीत जाऊन शिव्या घालायचा. लोक हसले. सर पाणी प्यायले.

"आमच्या शाखेतही हेच चालतं," ते म्हणाले. "फक्त आम्ही खोलीत जाऊनसुद्धा शिव्या घालत नाही. तिथेही 'अहाहा' करतो. आमचे डीनसाहेब घ्या. गेल्या सहा वर्षांत त्यांनी शाखेचं बोधचिन्ह तीनदा बदललं. तीनदा! आधीचं बगळ्यासारखं दिसायचं, आताचं आजारी बगळ्यासारखं दिसतं. आम्ही तीनदा टाळ्या वाजवल्या."

हशा उसळला. सर्वांत मोठ्याने जुने विद्यार्थी हसले. त्यांचं काय जाणार होतं! उबुकातांनी चेहरा हसरा ठेवला, पण कान लाल झाले.

"मीही त्यातलाच. माझ्या मित्राच्या, त्सुकुदांच्या ग्रंथाचं परीक्षण मी लिहिलं. 'युगप्रवर्तक' असा शब्द वापरला. आज जाता जाता सांगतो, मी पहिली चाळीस पानं वाचली होती. आणि शेवटची दोन. मध्ये युग प्रवर्तलं असेल तर मला कल्पना नाही."

या वेळी हशा एवढा झाला की छताचा दिवा हलला म्हणतात. त्सुकुदा तेवढे हसले नाहीत. त्यांनी छातीवरचं फूल काढून नीट खिशात ठेवलं.

टाळ्या थांबेनात. फुलं आली, आणखी फुलं आली. सरांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण चांगले वक्ते आहोत. सभागृहाबाहेर साके, म्हणजे तांदळाची दारू, आणि छोटे छोटे भाताचे गोळे मांडले होते, तिथे ते हार घातलेल्या म्हशीसारखे उभे असताना ऑफिसच्या नोसाकाबाई गर्दीतून वाट काढत आल्या. बाई बर्फापेक्षा पांढऱ्या पडल्या होत्या.

"सर, जरा बाजूला येता?"

"इथेच सांगा हो. आज लाजायचं काही उरलं नाही."

"मुख्य इमारतीत फोन केला होता. तुमच्या सन्मानपत्राचं विचारायला. ते म्हणाले, कोण निवृत्त होतंय?"

"कोण म्हणजे? मी!"

"नाही ना, सर. तुमचा जन्म दोन एप्रिलचा. एक तारखेचा असता तर कायद्याने आदल्या दिवशीच, एकतीस मार्चला, पासष्ट भरले असते आणि या मार्चला सुटला असता. दोन तारीख म्हणजे पुढच्या वर्षात गणतात. मी एक वाचलं. म्हणजे... तुमचं अजून एक वर्ष आहे."

सरांच्या हातातला भाताचा गोळा तसाच राहिला. पलीकडे उबुकाता कोणाला तरी आपलं बोधचिन्ह बगळा नसून लाट आहे हे समजावून सांगत होते.

"बाई," सर हळूच म्हणाले, "हे तुम्ही दोन तासांपूर्वी सांगितलं असतं तर?"

"दोन तासांपूर्वी फोन लागत नव्हता, सर," असं म्हणून नोसाकाबाई रडायलाच लागल्या. मग सरांनाच त्यांची समजूत घालावी लागली.

घरी किनुयो खुर्चीत बसून इतकी हसली की तिला उचकी लागली.

"राजीनामा देतो," सर म्हणाले.

"द्या की. आणि दिवसभर घरात काय करणार? मी सोमवारी टेबल टेनिस, बुधवारी गाणं असं ठरवून बसलेय. त्यात तुम्हाला धरलेलं नाही, तेव्हा पुढच्या एप्रिलपर्यंत तुम्ही माझ्या पायात येऊ नका."

"तोंड कसं दाखवू तिथे?"

"जसं आहे तसं. आता नवीन कुठून आणणार?"

एप्रिलमध्ये सर कामावर गेले. त्यांच्या खोलीत फोटोकॉपीचं मशीन बसवलं होतं, म्हणून त्यांचं टेबल मशीनच्या शेजारी लावण्यात आलं. पहिल्या बैठकीत ते आत शिरले आणि बोलणं एकदम थांबलं. उबुकातांनी फार प्रेमाने स्वागत केलं.

"कुरेमात्सु सरांना श्रोते जमवण्याची हातोटी आहे, हे आपण पाहिलंच. तेव्हा वर्षभराचे जाहीर कार्यक्रम त्यांनीच पाहावेत, असं मी सुचवतो."

सर्वांनी हात वर केले. त्या कामाला आजवर कोणी हात लावला नव्हता.

म्हणजे आता पोस्टर लावणं, खुर्च्या मोजणं आणि पाहुण्या प्राध्यापकांना कोमट पाणी लागतं की गार ते विचारणं. लोक सरांशी सभ्यपणे वागत, पण पेजेचा विषय निघाला की खोकत. तरुण प्राध्यापक आता चहा आणत नसत. सरांना वाटलं होतं खरं बोललं की हलकं वाटतं. मशीनच्या घरघरीत बसून त्यांना जे वाटत होतं त्याला हलकं म्हणत नाहीत.

मे महिन्यात एका दुपारी त्सुकुदा आले. ग्रंथ त्यांच्या काखेत होता. तो त्यांनी मशीनवर आदळला.

"चाळीस पानं?"

"बस ना."

"बसायला आलो नाही. तुझ्या त्या परीक्षणावर मला बढती मिळाली. तीस वर्षं मी स्वतःला मोठा माणूस समजून चाललोय, आणि तू चाळीस पानं वाचली होतीस! त्या तीस वर्षांचं मी काय करू, सांग."

"चुकलो" म्हणावं तर नेमकं कशाला, खोटं लिहिलं त्याला की खरं बोललो त्याला, हेच सरांना ठरवता येईना.

"कुठे सोडलंस?" त्सुकुदांनी विचारलं.

"रिकाम्या रांजणाच्या उताऱ्यापाशी."

त्सुकुदांनी ग्रंथ मशीनवरून उचलला. मग खुर्ची ओढून बसले. "तिथे मलाही झोप आली होती," ते म्हणाले. "लिहिताना."

दोघांपैकी आधी कोण हसलं ते नंतर दोघांनाही आठवेना. पण त्सुकुदा हसत हसत एकदम थांबले आणि टेबलावर बोट आपटून म्हणाले, "माफी नको मला. वाच. पूर्ण वाच, आणि जे वाटेल ते लोकांसमोर सांग. जसं ते सांगितलंस, तसं."

तर त्या जुलैच्या आगामी कार्यक्रमांत, जपानी सुलेखनाची कार्यशाळा आणि रद्द झालेलं एक चर्चासत्र यांच्या मधोमध, एक ओळ छापली गेली: 'कोणीही पूर्ण न वाचलेल्या ग्रंथावर चर्चा. लेखक उपस्थित राहतील.' उबुकातांनी हरकत घेतली, पण कार्यक्रम पाहायचं काम त्यांनीच सरांना दिलं होतं.

सरांनी ग्रंथ खरंच वाचला. पहिला महिना शिव्या देत वाचला, किनुयोला उतारे मोठ्याने वाचून दाखवत, तीही शिव्या देई. मग सातवं प्रकरण आलं. म्हाताऱ्या आईच्या मोकळ्या झालेल्या घरात मुलगा भांडी आवरतो, त्यावरचं. ते वाचून सर एकदम चिडले. एवढं चांगलं लिहून ते तीनशे पानांच्या खाली गाडून ठेवायचं! आणि आपण त्या बाजूने एकदाही गेलो नाही!

चर्चेला मोजकी माणसं आली. जुने विद्यार्थी आले नाहीत, न्हाव्याचं दुकान चालू होतं. दोघांच्या बायका पहिल्या रांगेत बसून एकीच्या पंख्याने वारा घेत होत्या. सरांनी रांजणाची यथेच्छ टर उडवली, पाचव्या प्रकरणाला पेजेची उपमा दिली. त्सुकुदा शेजारी बसून मान डोलवत होते, एकदोनदा भांडलेही. मग सर सातव्या प्रकरणावर आले आणि त्यांची गाडी अडली. कोणाची निंदा करताना शब्द कसे आपोआप येतात, आणि हे एवढंसं वाक्य का येऊ नये!

"सातवं प्रकरण," ते खाली बघत पुटपुटले, "चांगलं आहे."

"मोठ्याने बोल," त्सुकुदा म्हणाले. "मागे ऐकू जात नाही."

मागे कोणी नव्हतंच. तरी कुरेमात्सु सर उठून उभे राहिले आणि तेच पुन्हा म्हणाले.