चौदा नंबरची नोंद

"इथे सही करा, सिस्टर. बाकी सगळं लिहून तयार आहे."

अधीक्षकांनी कागद पुढे सरकवला आणि त्यावर पेनही ठेवलं. सिस्टरनी चष्मा लावला. पुरुष विभाग, खाट क्रमांक चौदा. रुग्ण दुपारी सव्वातीनच्या सुमारास घंटा न वाजवता स्वतःहून उठला व तोल जाऊन पडला. उजव्या मनगटाचे हाड मोडले. कर्मचाऱ्यांकडून कोणतीही हयगय झालेली नाही.

"घंटा न वाजवता, हे कुणी ठरवलं?" सिस्टरनी विचारलं.

"ठरवायचं काय त्यात?" शेजारी बसलेल्या संगणक विभागाच्या साहेबांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "दुपारी एक ते चार, चौदा नंबरवरून एकही कॉल नाही. हे बघा, 'नोंद नाही'. यंत्र खोटं बोलत नाही."

"म्हणजे चौदा नंबरचे काका खोटं बोलतात?"

"अहो, बहात्तर वर्षांचा माणूस, अंगात ताप," अधीक्षक समजुतीच्या सुरात म्हणाले. "वाटलं असेल त्यांना दाबलंय म्हणून. आणि यात तुमचाच बचाव आहे, सिस्टर. त्या वेळी ड्यूटीवर तुम्हीच होतात ना?"

ते मात्र खरं होतं. त्या दुपारी सिस्टर विभागाच्या दुसऱ्या टोकाला, तीन नंबरच्या पायाचं ड्रेसिंग बदलत होत्या. हात गुंतलेले होते, पण कान घंटेकडेच होते. घंटा वाजली नाही. धप्प असा आवाज तेवढा आला. धावत गेल्या, तर चौदा नंबरचे शिंपीकाका खाटेखाली आडवे पडले होते. न्यूमोनियातून नुकते सावरत होते बिचारे. त्यांचा पहिला शब्द 'आई गं' नव्हता. "सिस्टर, सात वेळा दाबलं हो मी," असं ते म्हणाले होते.

"आधी मी त्यांच्याशी बोलते," म्हणत सिस्टरनी कागदाची घडी घातली आणि त्या उठल्या.

नव्या वस्तूंचं वावडं असलेल्यांपैकी त्या असत्या, तर गोष्ट सोपी होती. पण सगळं रुग्णालय त्यांना 'चार्जर सिस्टर' म्हणायचं. त्यांच्या पर्समध्ये तीन प्रकारचे चार्जर असत. कुणाला फोन घ्यायचा असो, कुणाला भिंतीवरचा टीव्ही, आधी सिस्टरचा सल्ला. "तो घेऊ नकोस, त्याची बॅटरी दुपारीच मान टाकते," असं त्या ठणकावून सांगत, आणि ते बहुतेक वेळा खरं निघे. त्यामुळेच खाटांजवळच्या जुन्या घंटा बदलायच्या ठरल्या, तेव्हा निवड समितीवर त्यांचं नाव लागलं होतं.

जुनी घंटा म्हणजे वायरला लोंबणारं अंड्याएवढं बटण. मुठीत धरून आवळलं तरी वाजायचं, कोपराने दाबलं तरी वाजायचं. दिसायला मात्र अगदीच गबाळं. नवीन होता तो काचेचा चकचकीत पडदा. त्यावर घंटेचं चित्र, पाण्याचं चित्र, दिवा, टीव्ही, सगळं काही. समितीच्या बैठकीच्या गार खोलीत सिस्टरनी आपल्या क्रीम लावलेल्या बोटाने घंटेच्या चित्राला नुसता स्पर्श केला, आणि टिंग! "वा!" त्या म्हणाल्या होत्या. "दाबायचंसुद्धा नाही. नुसतं टेकवायचं." तो 'वा' इतिवृत्तात नोंदलेला होता.

काका जागेच होते. उजवा हात प्लास्टरमध्ये, नजर छताकडे.

"काका, कोणत्या बोटाने दाबलं होतंत?"

"उजव्याच हाताच्या, ह्या पहिल्या." प्लास्टरच्या टोकातून बाहेर आलेलं बोट त्यांनी जरा हलवलं. "सिस्टर, तुमचाही विश्वास नाही का?"

सिस्टरनी पडदा फडक्याने स्वच्छ पुसला, भिंतीवरून सोडवून खाली आणला आणि त्या बोटाखाली धरला. काकांनी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, नखाची कड पांढरी पडेपर्यंत दाबलं. पडदा ढिम्म. सिस्टरनी स्वतःचं बोट टेकवलं, टिंग! मग त्यांनी काकांचं बोट हातात घेऊन निरखलं. पन्नास वर्षं सुई टोचून टोचून त्याचं टोक शिंगासारखं कडक आणि गुळगुळीत झालं होतं.

"ते मेलेलं आहे हो," काका ओशाळून म्हणाले. "सुई टोचली तरी कळत नाही. पण दाबलं होतं मी."

"मला माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या.

मग दुपारभर त्या प्रत्येक खाटेपाशी गेल्या आणि ज्याला त्याला घंटा दाबायला लावली. बावीस रुग्ण होते. चुन्या-सिमेंटने हात खाल्लेला गवंडी होता. त्याचं बोट पडद्याला माणसाचं वाटेना. एका आजोबांचा हात थरथरायचा. त्यांनी घंटेला हात लावला की टीव्हीच्या वाहिन्यांची यादी उघडायची. बावीसपैकी नऊ जणांची घंटा वाजत नव्हती. आणि ज्यांची वाजत होती, त्यातले निम्मे आपल्या पायांनी चालत येऊन पाणी मागू शकत होते! एक जण म्हणाला, "आम्हाला वाटलं, आमचंच काहीतरी चुकतंय." हे ऐकल्यावर मात्र सिस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. महिनाभर ही माणसं काचेवर बोटं घासत होती, आणि लाज त्यांनाच वाटत होती.

संध्याकाळी घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो शहाणा माणूस होता, म्हणजे कुठे गप्प बसावं हे त्याला कळायचं.

"सही करून मोकळी हो," तो म्हणाला. "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुझी. तू नाही केलीस तर दुसरी कोणी करेल."

"करू दे. चोर सोडून संन्याशाला फाशी, त्यावर माझं नाव नको."

"आणि चोर कोण? पडदा निवडायला तूच बसली होतीस ना?"

"तेच तर!" सिस्टरनी कपबशी आदळली. "आपलेच दात अन् आपलेच ओठ. इतकी वर्षं लोकांचे बिछाने केले मी, त्यांचे हात कसे असतात ते मला ठाऊक नव्हतं? आणि तिथे बसून मी स्वतःचं बोट टेकवलं! एका रुग्णाला तरी त्या खोलीत बोलवायचं सुचलं का कुणाला?"

नवऱ्याने फुटलेल्या कपबशीचे तुकडे गोळा केले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नऊ खाटांची यादी अधीक्षकांच्या टेबलावर ठेवली.

"हा प्रश्न वेगळा आहे," संगणकवाले साहेब म्हणाले. "बोटं कोरडी असतील तर त्याला यंत्र काय करणार?"

"साहेब, आजारी माणसाची बोटं कशी असतात, ते बघायला तुम्ही एकदा तरी विभागात आलात का?"

"सिस्टर, साठ खाटांना पडदे लागलेत," अधीक्षक वैतागले. "आता काय उपटून टाकायचे?"

"जुनी बटणं उपटलीत तेव्हा नाही जड गेलं."

"निवड समितीत तुम्हीच होतात! तुमचा 'वा' आहे इतिवृत्तात!"

"आहे ना. म्हणून तर आता गप्प बसता येत नाही."

त्यांनी तोच घडी घातलेला कागद उलगडला. 'घंटा न वाजवता' या शब्दांवर आडवी रेघ मारली आणि खाली आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'रुग्णाने सात वेळा घंटा दाबली. यंत्राने ती आमच्यापर्यंत पोहोचवली नाही. हे यंत्र निवडणाऱ्यांत मी होते.' मग सही केली. खाली तारीख घातली, वेळसुद्धा.

साहेबांनी लॅपटॉप मिटला.

पुढे काय व्हायचं ते झालं. तो कागद फाइलमध्ये गेला आणि फाइल कपाटात. पडदे जिथल्या तिथे राहिले. पंधरवड्याने प्रत्येक पडद्याखाली एक छापील पट्टी चिकटवली गेली: 'बोट कोरडे असल्यास ओले करून स्पर्श करावा.' ती वाचून सिस्टरना हसावं की रडावं कळेना. पाण्याचा पेला हातात द्या म्हणून माणूस घंटा वाजवणार, आणि त्यासाठी आधी बोट ओलं करणार! त्याच आठवड्यात त्यांची बदली बाह्यरुग्ण विभागात, नावं पुकारण्याच्या खिडकीवर झाली. 'वयाचा विचार करून हलके काम,' असं आदेशात लिहिलं होतं. जाताना त्यांनी विभागातल्या तरुण नर्सना एवढंच सांगितलं, "दर अर्ध्या तासाने प्रत्येक खाटेपाशी जाऊन तोंडाने विचारायचं. त्या टिंगच्या भरवशावर राहू नका." पोरींनी ते पाळलं, एवढं खरं.

दोन महिन्यांनी, सुटीच्या दिवशी, त्या पत्ता विचारत शिंपीकाकांच्या दुकानात गेल्या. आपण काय लिहिलं, ते एकदा त्यांना सांगावं असं मनात होतं. मशीनवर काकांची मुलगी बसली होती. काका शेजारी उभे होते. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वाकडं जुळलं होतं. बोटांत कात्री धरली जात नव्हती.

"या, सिस्टर, या!" त्यांनी खुर्ची पुढे केली. "आता हिला शिकवतोय. डोळे माझे, हात हिचे."

सिस्टरनी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा काकाच म्हणाले, "तुम्ही लिहिलंत ते कळलं मला. तिथल्या एका तरुण नर्सने सांगितलं." आणि लगेच मान तिरकी करून ते त्यांच्या अंगातल्या कोटाकडे बघू लागले. "एक बोलू का? रागावू नका. तुमच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय. कुणी शिवला हा?"

"तयार घेतलेला आहे."

"तरीच. काढा. नीट करून देतो."

सिस्टर कोट काढून उभ्या राहिल्या. काकांनी गळ्यातली टेप डाव्या हाताने ओढली, तिचं लोंबणारं टोक दातांत धरलं, वाकड्या मनगटाने टेप त्यांच्या मानेपाशी दाबली, डाव्याने ती खांद्याच्या कडेपर्यंत नेली, आणि दात न उघडता मुलीला आकडा सांगितला.