खालून घातलेला हात

पेणच्या कारखान्यात चाळीस वर्षं गणपती घडवणाऱ्या काळुरामची लघवी अडायला लागली. थोरला भाऊ हेच दुखणं लाजेपायी लपवून मेला होता, म्हणून तो बायकोला घेऊन सरळ रोह्याच्या दवाखान्यात गेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, सोनोग्राफीची बोटाएवढी दांडी गुदद्वारातून आत घालावी लागेल."

बायको काशीबाईने पदर तोंडाला लावला.

काळुरामने विचारलं, "पोटावरून का नाय?"

"लघवीच्या वाटेवरची प्रोस्टेट ग्रंथी मागून जवळ पडते. गाठ असली तर नीट दिसते."

"व्हय गो बाय! मूर्ती पोकळ असते. आतला तडा आम्ही पण खालूनच हात घालून बघतो."

तो कुशीवर वळला, पण नजर सोनोग्राफीच्या पडद्यावर. "हाय का तडा?"

"गाठ दिसत नाही. सूज आहे, औषध देते."

"झालं? एवढंच?" काळुराम उखडला. "एवढ्यासाठी मेला माझा गाढव भाऊ!"