जुन्या धरणाची भिंत

करवंदीच्या जाळीत अडकलेली ओढणी तशीच सोडून प्रतीक्षा पुढे निघाली. तुझा सासरा जंगलाच्या वाटेनं वर गेला, असं कुसगावच्या शेवटच्या घरातल्या बाईनं सांगितलं होतं. त्या वाटेनं आता गुराखीसुद्धा फिरकत नसत. ती जुन्या धरणापाशी संपायची, आणि ते धरण तर केव्हाच सोडून दिलेलं होतं.

तिच्या सासऱ्यांची, भिकाजींची, उमेदीची सगळी वर्षं तिथं राखणदारीत गेली होती. अलीकडे त्यांचं विसरणं फार वाढलं होतं. चहा पिऊन पुन्हा चहा मागत, पोटच्या मुलाला, पवनला, त्याच्या मेलेल्या काकाच्या नावानं हाक मारत. काल जेवताना पवन म्हणाला होता, यांना एकटं ठेवता येणार नाही, मलाच नोकरी सोडावी लागेल. भिकाजी शेजारीच भाकरी कुस्करत होते. त्यांना काही कळत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

झाडी विरळ झाली आणि ते दिसले. भिंत मधोमध खचली होती, तिथं अगदी कडेला उभे. एका अंगाला हिरवंगार खोल पाणी, दुसऱ्या अंगाला खडक. चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या.

तोंडाशी आलेली ‘मामा’ ही हाक तिनं गिळली. दचकले तर? श्वास धरून ती भिंतीवर चढली. पायाखालचा एक दगड हलला, तशी त्यांनी मान वळवली.

“कोन तुमी? हितं फिराय यायचं न्हाई. माघारी जा, बाई.”

आवाजात राखणदाराची जरब होती, पण ओळख नव्हती. प्रतीक्षानंही ओळख दिली नाही.

“वाट चुकले, आबा. आता मागंही फिरता येईना. हात द्याल का?”

ते पुन्हा पाण्याकडे बघू लागले. ती हात पुढं करून उभी राहिली. हाताला रग लागली तरी तिनं तो खाली घेतला नाही.

शेवटी ते वळले. शेवाळावर पाऊल कुठं टाकायचं ते सांगत, मनगट घट्ट धरून त्यांनी तिला खाली उतरवलं. चपला तिथंच राहिल्या.

वाट उतरताना ती परक्या बाईसारखीच त्यांना काहीबाही विचारत राहिली. घरी कोण कोण असतं? त्यांनी सांगितलं, मुलगा आहे, तळेगावची सून आहे.

“सून कशी आहे?”

“लय धीराची हाय.”

घरं दिसू लागली. समोरून पवन धावतच येत होता. भिकाजी थांबले. मनगट अजून त्यांच्याच हातात होतं.

“प्रतीक्षा,” ते हळूच म्हणाले, “धरनावर इसरून गेलतो म्हून सांग त्याला.”