गोपिकाबाईची घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी आहे. अंगावर घेतलीत तर टोचेन, हे आधीच सांगून ठेवते. मेंढरांची लोकर, चिंचोक्याची खळ आणि एका धनगराचे कष्ट यांतून मी झाले. तेव्हा निजामाचं राज्य होतं. आष्टीच्या बाजारात गोपिकाबाईनं मला घेतलं, ते तिच्या मार्थासाठी.

गोपिकाबाई अंबडजवळच्या एका खेड्यातली विधवा. नवऱ्याबरोबर ती ख्रिस्ती झाली होती. तो गेल्यावर ती प्रार्थनाघर झाडायची, आजाऱ्यांची सेवा करायची. मार्था तिची एकुलती एक लेक. "लई टोचती," अशी कुरकुर करत ती रोज माझ्यातच शिरून झोपायची. तेवढेच माझे सुखाचे दिवस.

मग गावात उंदीर मरून पडू लागले. प्लेग आला की लोक गाव रिकामं करून शिवारात झोपड्या बांधून राहत. तिथंच मार्थाला ताप चढला. जवळची विहीर गावातल्याच म्हस्कूची होती. बाटलेल्या बाईनं विहिरीला शिवायचं नाही, असं म्हणून त्यानं गोपिकाबाईला हाकलून लावलं. ती बिचारी लांब ओढ्यावर गेली. परत आली तोवर मार्था माझ्यात गार पडली होती. पाणी पाणी करत गेली पोर. ते मी एकटीनं ऐकलं.

काही वर्षांनी प्लेग पुन्हा आला. गाव पुन्हा शिवारात गेलं. या खेपेला प्लेगची गाठ आली म्हस्कूला, आणि त्याच्या घरच्यांनी त्याला रिकाम्या गावात एकट्याला सोडलं. हे कळलं तेव्हा गोपिकाबाई कितीतरी वेळ गुडघे टेकून बसली. ती गेली नसती तर तिला कोणी बोल लावला असता? मी तर नक्कीच नाही. तो माणूस मेला तरी मला चाललं असतं. शेवटी ती म्हणाली, "देवा, त्याच्यासाठी माझ्याजवळ कायबी न्हाई. तुझ्यातलं दे, मंग जाते." मग मला काखेत मारून ती निघाली.

म्हस्कू कुडकुडत पडला होता. तिनं मला त्याच्या अंगावर टाकलं. मी मुद्दाम टोचले, खोटं कशाला बोलू? त्यानं पाणी मागितलं. घागर कोरडी होती. गोपिकाबाई घागर घेऊन दारातच थबकली. तेव्हा तोच पुटपुटला, "माझ्या हिरीचं आण. कुणी अडवलं तर माझं नाव सांग."

तिनं पाणी आणलं, त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पाजलं. त्यानं विचारलं, "तुझी लेक म्या तहानेली मारली. तू कशी आलीस, बाई?"

"माझा राग हाय तसाच हाय," ती म्हणाली. "ही प्रीती माझी न्हाई. देवाची हाय. माझ्याकडून तुझ्याकडं येऊन राह्यली, एवढंच."

मला ते लगेच पटलं. माझ्यात तरी स्वतःची ऊब कुठं असते? ती माणसाच्या अंगातून येते, मी धरून ठेवते, आणि लोक मला उबदार म्हणतात. त्यानंतर मात्र टोचायचं माझ्या मनात आलं नाही.

म्हस्कू वाचला नाही. गोपिकाबाई मार्थासाठी रडली होती तशीच त्याच्यासाठी रडली. दुसरं कुणी रडायला आलं नाही.

आता तीही नाही. तिच्या माघारी लोकांनी मला प्रार्थनाघरातल्या पेटीत मानानं ठेवलं. नाताळात मला बाहेर काढतात, तिची गोष्ट सांगतात, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात, आणि पुन्हा घडी घालून कुलूप लावतात. मागच्या थंडीत रझाकारांच्या धास्तीनं गाव सोडून आलेली एक म्हातारी प्रार्थनाघराच्या ओट्यावर निजली होती. तिचं कण्हणं मला पेटीत ऐकू येत होतं. सकाळी लोकांनी तिला उचललं आणि माती दिली. हळहळलेही सगळे. पण पेटी उघडावी असं कुणाच्या मनात आलं नाही.

मित्रांनो, गोपिकाबाईची आठवण म्हणून मला जपू नका. कुणाच्या तरी अंगावर टाका. मी फाटले तरी चालेल.