जागवलेला पाला

"आलं! मला आलं!" असं ओरडून बेकरीवाल्याने दोन्ही हात वर केले आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. बेकरीवाला ढसाढसा रडत होता. त्याच्या तळहातावर वाळक्या पानाचा चुरा होता. मागच्या रांगांतली माणसं माना उंचावून त्या चुऱ्याकडे अशी बघत होती, जणू तो आता दोन शब्द बोलणार आहे.

काय आलं, ते सांगायला हवं. मागच्या थंडीत आमच्या शहरात तापाची साथ आली. ताप उतरला, पण जाताना कित्येकांच्या नाकातला वास घेऊन गेला. सर्दी नाही, श्वास मोकळा, नाक जागच्या जागी. फक्त वास नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की ओळखीच्या चार वस्तू रोज हुंगत राहा, धीर धरा. काहींचा वास काही महिन्यांनी परत येतो, काहींचा येत नाही. हे शेवटचं वाक्य कुणालाच आवडलं नाही. न आवडलेल्या वाक्याच्या शेजारी कुणीतरी लगेच दुकान टाकतं. आमच्याकडे ते पालेबुवांनी टाकलं.

"झाड मरतं, बाळांनो, वास मरत नाही!" बुवा माइकमधून सांगत होते. "वास झोपतो! वाळक्या पानात झोपतो, तसाच तुमच्या नाकात झोपलाय. मी फक्त हाक मारतो. हाक ऐकू आली की तो उठतो. मात्र शंका घेऊ नका. शंकेखोराच्या नाकात वास थांबत नाही, त्याला अपमान वाटतो."

वासाला अपमान वाटतो हे मला नवीन होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण हे कुठल्याच इयत्तेला नाही.

हाक मारायची पद्धत ठरलेली होती. बुवा बरणीतून बेसिलचं, म्हणजे परदेशी तुळशीचं, एक वाळकं पान काढायचे आणि समोरच्याच्या नाकाशी धरायचे. "आला वास?" "नाही." मग ते कमरेच्या रुमालाला दोन्ही हात नीट पुसायचे, पान तळहातांत चोळायचे, फुंकर मारायचे आणि चुरा समोरच्याच्या हातावर ठेवायचे. "आता घे." आणि माणूस ओरडायचा, "आलं!" दर वेळी रुमालाला हात पुसणं बघून माझ्या मागची बाई म्हणाली, "किती स्वच्छ माणूस आहे बघा."

माझ्यापुढे रांगेत माझी थोरली बहीण, ताई, होती. तिने चुरा नाकाशी नेला, दचकली, डोळे मिटले. ओरडली मात्र नाही. नुसतं म्हणाली, "आलं रे."

मग माझी पाळी. माझंही नाक त्याच तापात गेलेलं. मी ओढून श्वास घेतला आणि नाकात काहीतरी थेट वरपर्यंत घुसलं. कितीतरी महिन्यांनी नाकात काहीतरी घडलं होतं. डोळ्यांत पाणी आलं. बुवा माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, रडा, लाजू नका." मी रडत नव्हतो. मला आनंद झाला नव्हता, वाईटही वाटलं नव्हतं. नुसतं पाणी येत होतं. त्या महिन्यांत मला तसं कशाचंच काही वाटत नव्हतं. मी चुरा खिशात टाकला आणि ताईच्या मागे जिना उतरलो.

ताईची खानावळ आहे, मीही तिच्याकडेच राहतो. दुपारी आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं जेवायला येतात: सूप, पाव, बटाटे, एखादी भाजी. भांडी साधी, टेबलं साधी. पण ताईच्या हातात पाल्याचं गणित होतं. वाळका पाला आधी, तेल तापलं की, तळहातांत चोळून. त्याला जागं व्हायला वेळ लागतो. ताजा पाला शेवटी, गॅस बंद केल्यावर, नुसता वरून. तो घाईचा, उकळला की संपला. हात धुतल्याशिवाय पाल्याला कुणी शिवायचं नाही, कारण कांद्याचा हात शेपूला लागला की शेपू गेला. मेहुणे असताना त्यांनासुद्धा आधी मोरीकडे पिटाळायची.

मेहुणे त्याच तापात गेले. ताई रडली नाही. मी रडलो नाही. खानावळ थोडे दिवस बंद होती, मग उघडली. ताई पाला नेहमीप्रमाणे निवडायची, चिरायची, आणि भांड्यावर हात धरून थांबायची, कारण पुढे काय करायचं ते सांगणारं नाक उरलं नव्हतं. भाची चव घेऊन सांगायची, "आई, पुरे." भाचीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. तिने ती पुढे ढकलली होती, कारण वास न येणाऱ्या दोन माणसांना गॅसच्या शेगडीपाशी सोडून कसं जायचं?

घरी आल्या आल्या ताईने बुवांकडून विकत घेतलेली, जागवलेल्या पाल्याची बरणी ओट्यावर ठेवली. "माझं नाक आलंय. तू उद्याच जा बघू नोकरीवर."

"आई, डॉक्टरीणबाईंना एकदा विचारू या का?"

"काय विचारायचंय? नाक माझं आहे. विचार मामाला, त्यालाही आलं."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काहीतरी आलं खरं."

"काहीतरी म्हणजे?"

"गार आलं."

"मामा, गार हा वास असतो का?"

या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच द्यायला हवं होतं. पण विचार डोक्यात येऊन नुसताच बसून राहायचा, उठायचा नाही. मी हात धुऊन ताटं पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मला शाळेची सुट्टी होती. ताईने टोमॅटोचं सूप केलं आणि त्यात बुवांचा पाला घातला. तोही शेवटी, गॅस बंद करून.

"ताई, वाळका पाला ना हा? मग आधी तेलात नको?"

"बुवांनी जिवंत केलाय ना? मग ताजा झाला. ताजा शेवटी." गणित बरोबर होतं. ताईचं गणित नेहमीच बरोबर असायचं.

पहिल्या टेबलावरचा विमा कचेरीतला कारकून एक चमचा प्यायला आणि थांबला. "ताई, सूप गरम आहे, पण तोंड गार पडलं माझं. दात घासल्यासारखं वाटतंय." त्याच्या सोबत्याने चमचा ठेवून दिला. ताई म्हणाली, "तुमचं नाक अजून झोपलेलं दिसतंय." कारकून पाव तेवढा संपवून गेला.

दुपारची जेवणं उरकली. भाची तिकीट काढायला गेली होती. ताईने उद्यासाठी घेवड्याचं मोठं पातेलं गॅसवर चढवलं आणि आम्ही दोघं शेगडीकडे पाठ करून कोथिंबीर निवडायला बसलो. डोक्यावर पंखा घरघरत होता. पातेलं कधी उतू गेलं, ज्योत कधी विझली, कळलं नाही. खूप वेळाने ताई उठली. "अगं बाई, विझलाय की हा." तिने लायटर उचलला.

"गॅसचा वास नाही ना येत?" मी विचारलं.

"असता तर मला आला नसता?"

मीही हुंगून बघितलं. काही नाही. सगळं नेहमीसारखं.

"आई, हात खाली!" दारातून भाची किंचाळली. "लायटर ठेव! मामा, दिव्याच्या, पंख्याच्या कुठल्याच बटणाला हात लावू नकोस! बाहेर निघा!" तिने नाकावर ओढणी धरली, आत धावली, सिलिंडर बंद केला, खिडकी सताड उघडली. आम्ही पायरीवर जाऊन बसलो. तीही आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे हात थरथरत होते. "जिन्यापर्यंत वास येतोय," ती म्हणाली. "जिन्यापर्यंत! आणि तुम्ही दोघं आत कोथिंबीर निवडताय."

मी माझ्या हातांकडे बघितलं. ते थरथरत नव्हते. एका ठिणगीने आम्ही दोघंही गेलो असतो आणि मला काहीच वाटत नव्हतं, याचीच मला पहिल्यांदा भीती वाटली.

ताईने पायरीवरून मागे वळून ओट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरणी आण." भाचीने आणली. ताईने चुरा हुंगला. "आला की. मग गॅसचा का नाही आला?"

"आई, कसा येतोय ते सांग. बेसिलचा वास कसा असतो, तूच मला शिकवलंस ना?"

"लवंगेसारखा. मागून गोडसर." ताईने पुन्हा हुंगलं. "हा तसा नाहीये. हा नुसता गार आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात बसलेला विचार उठला. हॉलमध्ये मी रडत नसताना माझ्या डोळ्यांत पाणी का आलं होतं?

"ताई, नाक चिमटीत धर. घट्ट. तोंडाने श्वास घे. आता तो चुरा डोळ्याखाली धर."

ताईने धरला. क्षणभराने तिने डोळा मिटला. बंद नाकाने, गेंगाण्या आवाजात ती म्हणाली, "आलं. डोळ्याला आलं."

"डोळ्याला वास येतो का?"

ताईने नाक सोडलं आणि बरणीचं झाकण लावलं.

एवढीच त्या चमत्काराची किंमत. पुदिन्याच्या अर्कातून मेंथॉल नावाचे पांढरे स्फटिक निघतात. खोकल्याच्या गोळीत, डोकेदुखीच्या मलमात तेच असतात. नाकात वास ओळखणारे मज्जातंतू वेगळे, आणि गार, गरम, झोंबणारं ओळखणारे वेगळे. हे दुसरे डोळ्यांत आणि तोंडातही असतात. तापाने आमचे पहिले बिघडवले, दुसरे शाबूत होते. मेंथॉल गार लागतं, आणि इतके महिने ज्या नाकाला काहीच कळलं नाही, त्याला तो गारवाच वास वाटतो. स्फटिक बुवांच्या त्या स्वच्छ रुमालात होते, आणि विकायच्या बरण्यांतल्या चुऱ्यातही.

भाचीने तिकीट रद्द केलं नाही, फक्त पुढच्या आठवड्याचं करून घेतलं. बुवांच्या पुढच्या बैठकीला आम्ही तिघं गेलो. ताईने बादलीभर पाणी, साबण आणि आपल्या घरची बेसिलची बरणी नेली. पाळी आल्यावर बादली बुवांसमोर ठेवली.

"बुवा, आधी हात धुवा. कोपरापर्यंत. आणि रुमाल माझ्या मुलीकडे द्या."

"बाई, ही शंका आहे."

"शंका कसली? माझ्या स्वयंपाकघरात हात धुतल्याशिवाय कुणी पाल्याला शिवत नाही. धुवा, आणि माझं पान जागं करून दाखवा. मी सगळ्यांसमोर पाया पडते."

"पाण्याने शक्ती उतरते!"

"साबणाने उतरते ती शक्ती नसते, बुवा. तो मळ असतो."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बुवा माइककडे वळले. तोवर मी खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढला. औषधाच्या दुकानातून आणलेलं मेंथॉल त्याला आधीच चोळलं होतं. तो बेकरीवाल्याच्या हातात दिला. "हुंगून बघा."

बेकरीवाल्याने हुंगलं. "आलं!"

"हे कालचं वर्तमानपत्र आहे. आता नाक दाबा आणि डोळ्याजवळ धरा."

त्याने तसं केलं. मग शेजाऱ्याने केलं. तुकडा रांगेतून फिरू लागला. माणसं एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने कागद डोळ्याखाली धरत होती आणि तिथेच गप्प होत होती. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बुवा बरण्या पिशवीत भरून मागच्या जिन्याने उतरले, तेव्हा त्यांना अडवायलाही कुणी गेलं नाही. बेकरीवाला मात्र माझ्यासमोर उभा होता.

"म्हणजे मला वास आला नव्हता?"

"नाही."

"मग मी एवढा रडलो कशाला?" तो माझ्यावर चिडला होता. त्याच्याकडचं एकुलतं एक काहीतरी आम्ही काढून घेतलं होतं. मी त्याला विचारलं, "भट्टी गॅसवर आहे ना तुमची?" तो बघत राहिला. मग खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "हो."

आता आमच्या स्वयंपाकघरात खाली, जमिनीजवळ, गॅस सुटला की कर्कश ओरडणारं यंत्र बसवलं आहे. बेकरीतही बसलं. भाची नोकरीवर गेली. ताई घड्याळ लावून पाला घालते, आणि चव कशी झाली ते पहिल्या टेबलावरच्या कारकुनाला विचारते. रोज सकाळी आम्ही दोघं चार बरण्या उघडून हुंगतो. "आलं?" ती विचारते. "नाही," मी म्हणतो. "मलाही नाही." मग ती झाकणं लावते. वास येईल की नाही, मला माहीत नाही. पण नाही ते नाही म्हणता येतं, म्हणून आम्ही दोघं अजून त्या ओट्यापाशी उभे आहोत.

तुमच्यापुढेही कुणीतरी कधीतरी काहीतरी जागं करून दाखवेल. तेव्हा तुम्ही खूप थकलेले असाल, आणि ते खरं असावं असं तुम्हाला फार वाटत असेल. वाटू द्या. फक्त त्याला आधी हात धुवायला सांगा.