टेम्पोवाल्या काकू

समुद्रपुरात वर्षभर लोक मला टेम्पोवाल्या काकू म्हणत होते. आमचा टेम्पो नाही. आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि मला ज्योत्स्ना असं चांगलं नाव आहे. पण गेल्या वर्षी सव्वीस जानेवारीच्या सायकल राइडला जामच्या चौकात माझी चेन पडली. ती बसवेपर्यंत मी सगळ्यांच्या मागं राहिले, तर राइड काढणाऱ्या धीरजनं माझी सायकल उचलून टेम्पोत टाकली आणि पाठोपाठ मलाही बसवलं. मी थकले नव्हते. मला कुणी विचारलंच नाही.

राइडच्या मागून येणारा टेम्पो दमलेल्यांना, पंक्चरवाल्यांना, उशीर झालेल्यांना गोळा करत येतो. गेल्या वर्षी त्यात केळ्यांच्या साली, पाण्याच्या रिकाम्या कॅन आणि मी, एवढेच होतो. राइड संपते त्या मैदानावर आम्ही उतरलो ते पानठेल्यावाल्या बाबारावांनी पाहिलं आणि नाव ठेवलं. गावानं चार दिवसांत विसरून जावं, तर घर का भेदी लंका ढाये. दुकानात गिऱ्हाईक आलं की आमचे हे, म्हणजे प्रफुल, खिळे तोलता तोलता ती गोष्ट रंगवून सांगायचे. गिऱ्हाईक हसलं की मला आत गव्हाचं पीठ मळताना ऐकू यायचं. फार राग यायचा.

यंदा मी पुन्हा नाव दिलं. घरात एकच सांगितलं, रस्त्यात पडून राहीन पण टेम्पोत बसणार नाही. हे हसले. यंदा पाणी-केळी वाटायला टेम्पोत तेच बसणार होते.

समुद्रपूर, जाम, हिंगणघाट, वडनेर आणि त्याच रस्त्यानं परत. पन्नाशीच्या बाईला हे गमतीचं काम नाही. पण वर्षभर मी पहाटे गिरडच्या रस्त्यावर सायकल दामटली होती, तिथली कुत्रीसुद्धा आता भुंकायची थांबली होती. जाताना काही अडलं नाही. वडनेरला मी अर्ध्या लोकांच्या आधी पोचले.

पण वडनेर माझं माहेर. जिथून परत फिरायचं होतं, तिथंच रस्त्याच्या कडेला पाट मांडून, हातात ताट घेऊन माझी वहिनी उभी होती.

धीरज शिट्टी फुंकत सगळ्यांना पाणी प्या, निघा म्हणत होता. जो मागं राहील तो टेम्पोत. प्रमिलावहिनीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. हळदीकुंकवाचे दिवस, लेक गावाच्या वेशीवर आलेली, तिला कोरड्या कपाळानं कशी जाऊ देईल? मी म्हटलं, वहिनी, पुढच्या आठवड्यात एसटीनं येते, चार दिवस राहते. तिनं माझं हेल्मेट स्वतःच्या हातानं काढलं.

"आई असती तं तुले बिना ओटीची जाऊ देलं असतं का?"

आई गेल्यापासून मी वडनेरला आलेच नव्हते. ती नसलेल्या घरात बसवणार नाही, म्हणून टाळत होते. मी पाटावर बसले. अंगात ग्रुपचा पिवळा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट, ओटी घ्यायला पदर कुठला आणायचा? वहिनीनं पिशवीतून आईचं हिरवं पातळ काढलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. त्याला अजून आईच्या पेटीचा वास होता. साऱ्या सायकलवाल्यांसमोर मी रडले.

तांदूळ, खण, हळकुंड, नारळ. वहिनीची ओटी झाली तर मागं शेजारच्या बायका ताटं घेऊन रांगेत. एकीची घ्यायची आणि दुसरीला नाही म्हणायचं, असं माहेरी चालत नाही. तोवर सायकली एकेक करून निघून गेल्या.

धीरज घड्याळ दाखवत म्हणाला, "काकू, ही राइड आहे का माहेरपण?"

"दोन्ही," मी म्हटलं.

सगळी ओटी आईच्या पातळात बांधली, गाठोडं कॅरिअरला आवळलं आणि निघाले. पुढं कुणीच नव्हतं. मागं टेम्पो होता.

वारा समोरून होता आणि कापसाचे ट्रक अंगावरून जात होते. हिंगणघाटच्या अलीकडं टेम्पो बाजूला आला. यांनी डोकं बाहेर काढून गाठोडं तरी दे म्हटलं, तेवढीच हलकी होशील. मी म्हटलं, ओटी कुणी टेम्पोनं पाठवतं का? मग हिंगणघाट ओलांडल्यावर यांना धीरजचे फोन सुरू झाले. तो केव्हाच समुद्रपूरला पोचला होता. पाहुणे निघाले, मंडप सोडायचा आहे, काकूंना टाका गाडीत आणि या. टेम्पो पुढं जाऊन थांबला, मागचा फाळका धाडकन खाली पडला. मी वळसा घालून पुढं गेले. जरा वेळानं पुन्हा तेच. मांड्यांची आग आग होत होती. खोटं कशाला सांगू, तो उघडा फाळका पाहून एकदा मन डळमळलं.

तिसऱ्यांदा टेम्पो थांबला तो जामच्या चौकात, अगदी गेल्या वर्षीच्या जागी. या वेळी हे खाली उतरले आणि त्यांनी माझं हँडल धरलं.

"काऊन जिद्द करून राह्यली? लोकं हासतीन."

"वर्षभर हासतच तं होते. तुम्हीच हासवून राह्यले होते."

ते खाली पाहू लागले, पण हात तसाच.

"हात काढा," मी म्हटलं. "उचलून गाडीत टाकाले मी तुमच्या दुकानातली सिमेंटची बोरी नाई."

चहाच्या टपरीवरचे लोक पाहत होते. पाहोत. यांनी हात काढला आणि मी चौक पार केला.

समुद्रपूरला पोचले तेव्हा मैदानावरची कमान उतरवून झाली होती आणि खुर्च्या एकात एक गेल्या होत्या. धीरज पुढं आला. राइड बंद झाली, मेडल वेळेत येणाऱ्यालाच, नियम सगळ्यांना सारखा, असं त्यानं मान खाली घालून सांगितलं. मी मेडल मागितलंच नव्हतं. मी विचारलं, "रेघ कुठं होती, तेवढं दाखव."

चुन्याची रेघ खुर्च्या ओढता ओढता पुसून गेली होती. एका कडेला हातभर तेवढी उरली होती. मी सायकल मागं नेली, पुन्हा सीटवर बसले आणि त्या हातभर रेघेवरून चाक नेलं.

मग गाठोडं सोडलं. ओटीचा नारळ घरी देवापुढं फोडतात. मी वहिनीचा नारळ तिथंच दगडावर फोडला. खुर्च्या उचलणाऱ्या पोरांना खोबरं दिलं, धीरजला दिलं, यांनाही दिलं. धीरजनं दोन्ही हात पुढं केले. हे चावत उभे राहिले, आणि खाऊन झाल्यावर सवयीनं त्यांनी टेम्पोचा फाळका उघडला.

"आता तं झालं न तुह्या मनासारखं. ठेव सायकल, घरी जाऊ."

मी हेल्मेट घातलं आणि पेडल मारलं.

आमचं घर बाजाराच्या पलीकडं. तिथला रस्ता असा अरुंद की सायकलच्या पुढं टेम्पो निघूच शकत नाही. मी मधोमध, माझ्या चालीनं. मागं टेम्पोत ड्रायव्हरशेजारी हे, आणि खुर्च्यांच्या ढिगावर धीरज. दुकानांच्या पायऱ्यांवर लोक उभे राहून पाहू लागले. पानठेल्यावरून बाबारावांनी नेहमीसारखी हाक मारली, "काय टेम्पोवाल्या काकू, आल्या का?"

मी थांबले नाही. नुसता अंगठा मागं केला.

"टेम्पोवाले मांगून येऊन राह्यले."