मूळ प्रतीत नसलेली बारा वचने

"अहो, वाचा ना. साडेसातला नेणार आहेत मला."

रेबेका हिरवा गाऊन घालून खाटेवर बसली होती. नवीन पनवेलमधल्या त्या इस्पितळात आज तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. शेजारी स्टुलावर तिचा नवरा कमळाकर चष्मा पुसत होता. एवढ्या वेळात दुकानदाराने नवा करून दिला असता.

कमळाकर आढाव जमिनीच्या दप्तरखान्यातून निवृत्त झाला होता. विमानतळाची बातमी आल्यापासून भागातल्या जमिनींना भाव आला आणि जुन्या कागदांवर नवनव्या नोंदी उगवू लागल्या. कमळाकरची कसोटी एकच. जुन्यात जुना कागद काढायचा. नोंद त्यात असली तर खरी, नसली तर 'मूळ प्रतीत आढळत नाही' असा शेरा. त्या शेऱ्यापायी भलेभले त्याच्या टेबलापुढे रडले. तो त्यांना पाणी द्यायचा. शेरा बदलायचा नाही.

हाच माणूस रविवारी चर्चच्या मंडळीतला वडील, म्हणजे ज्येष्ठ पंच. कुणी आजारी पडले की पाळकांच्या आधी कमळाकर हजर. पवित्र शास्त्रात, बायबलात, एका शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी एक अभिवचन आहे, की विश्वास ठेवणाऱ्यांनी आजाऱ्यांवर हात ठेवला तर ते बरे होतील. ते वाचायचे आणि कपाळावर हात ठेवायचा. पुष्कळ जण बरे झाले. जे झाले नाहीत त्यांनी कधी तक्रार केली नाही.

गेल्या बुधवारी शास्त्राभ्यासाला नवे पाळक रेव्हरंड निनाद यांनी सहज सांगितले, की त्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचने सर्वांत जुन्या प्रतींमध्ये नाहीत. निनाद एकतीस वर्षांचे, धर्मशिक्षणाच्या सेमिनरीत शास्त्राची मूळ भाषा ग्रीक शिकून आलेले. मंडळीने मान डोलावली आणि चहा घेतला. कमळाकरच्या हातातला चहा गार झाला. ते अभिवचन त्या बारांतलेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने फोन लावला होता.

"म्हणजे खोटी का, साहेब?"

"खोटी नाहीत हो काका. नंतरची. कुणीतरी पुढे जोडलेली."

"आमच्याकडे त्याला फौजदारी लागते."

निनाद हसले. "हा सातबारा नाही, काका. मंडळीने शेकडो वर्षं ती मानली आहेत."

"खोट्या नोंदीसुद्धा लोक पिढ्यान्‌पिढ्या मानतात, साहेब. मग मूळ प्रत संपते कुठे?"

"प्रभूच्या रिकाम्या कबरीपाशी. बायका थरथरत पळत सुटतात, कुणाला काही सांगत नाहीत. कारण त्या भ्यालेल्या असतात. संपलं."

"असं कुठे संपतं का?"

"अभ्यासकही हेच विचारतात, काका."

तेव्हापासून कमळाकरला धड झोप नव्हती. वचन वाचावे तर आपल्याच बायकोच्या हातात संशयित नक्कल द्यायची. न वाचावे आणि तिला टेबलावर काही झाले तर?

"वाच ना रं दादा," पलीकडच्या खाटेवरून गोदू म्हणाली. ती करंज्याची कोळीण, पित्ताशयाच्या खड्यांसाठी आलेली. "बाय कवाशी सांगतंय. आमी पन आयकू. देव काय तुजा एकल्याचा हाय?"

कमळाकरने शास्त्र उघडले. शेवटच्या अध्यायाच्या आरंभापासून वाचू लागला. पहाट, सुगंधी द्रव्ये, बाजूला लोटलेली धोंड. बायका भ्याल्या होत्या तिथे आला आणि थांबला.

"पुढे?"

"पुढचं... जुन्या प्रतीत नाही म्हणतात." आणि मग त्याने सगळे एका दमात ओकून टाकले.

रेबेकाने ऐकून घेतले. "कधी कळलं?"

"बुधवारी."

"तरीच. चार दिवस भाजीला नावं ठेवली नाहीत."

"रागावलीस?"

"छाती चिरणार आहेत माझी. भीती वाटते मला, आणि तुम्ही तळटिपा काय घेऊन बसलात!"

"मलाही वाटते," कमळाकर म्हणाला. लग्नाला अडतीस वर्षे झाली होती. हे वाक्य त्या दोघांत प्रथमच बोलले गेले. गोदूने तोंडाला पदर लावला.

रेबेकाने उघड्या शास्त्रावर बोट ठेवले. "त्या बायका भ्याल्या होत्या, ते मूळ प्रतीत आहे ना?"

"आहे."

"नक्की?"

"सगळ्यांत जुन्या प्रतीत."

"मग तेवढं पुरे. ठेवा हात."

त्याने ठेवला. तोंडी लावायला वचन नव्हते.

"इतका हात हलवू नका हो. बीपी वाढलं तर परत पाठवतील."

स्ट्रेचर आले. तिला त्यावर घेतले तेव्हा हात सुटला, तो त्याने पुन्हा ठेवला आणि कमरेत वाकून, चाकांच्या वेगाने, लांबलचक बोळातून चालत राहिला. दारापाशी नर्स म्हणाली, "काका, इथपर्यंतच." त्याने हात उचलला. दार मिटले.

थोड्या वेळाने निनाद धापा टाकत आले. काखेत हेल्मेट होते.

"उशीर झाला, काका. वाचलंत?"

"वाचलं."

"कुठपर्यंत?"

"भ्याल्या होत्या, तिथपर्यंत."

निनाद यांना ग्रीक येत होते, हिब्रूही बऱ्यापैकी येत होते. ते हेल्मेट खाली ठेवून कमळाकरच्या शेजारी बाकावर बसले, आणि दोघेही त्या मिटलेल्या दाराकडे बघत राहिले.